प्रेमाची पीडीएफ

"साताऱ्याच्या लग्नातले फोटो आहेत का गं तुझ्याकडे?"

जुलै २०२५ मधला शनिवार. रात्रीचे साडेअकरा. एक लेख कसाबसा मेल करून मी मॅगीचं पाणी गॅसवर ठेवलं होतं आणि फोनवर माझी मैत्रीण. आवाज असा, की वाटलं घरात कुणाला तरी अॅडमिट केलंय.

"कुठलं लग्न?"

"अगं, २०१९ चं. माझ्या मावसबहिणीचं. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते. मला आम्ही दोघं एका फ्रेममध्ये हवे आहोत. स्टेजवर, पंगतीत, पार्किंगमध्ये, कुठेही!"

मॅगी बाजूला राहिली. जुनी हार्ड डिस्क काढली, तास-दीड तास उचकापाचक केली आणि एक फोटो सापडला. ही पंगतीत बसलेली, तो हातात जिलबीचं ताट घेऊन वाढतोय. तो हिच्याकडे बघतोय, ही जिलबीकडे. मी भीत भीत पाठवला. लगेच उत्तर आलं, "एका फ्रेममध्ये आहोत ना? बास!"

तर मंडळी, जिलबीच्या त्या फोटोला पुढे नंबर मिळाला, तारीख मिळाली, खाली इंग्रजीत एक ओळ मिळाली आणि तो एका सरकारी अर्जाला जोडला गेला. पुरावा म्हणून. कशाचा? तर हे दोघं खरोखरच एकमेकांचे आहेत याचा.

मैत्रीण हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमची लीड. नवरा मूळचा नाशिकचा, पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट केलेला, आता इंग्लंडमध्ये लीड्सला शेफ. तिथे कायम राहण्याचा परवाना मिळालेला. डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यात लग्न झालं, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नोंदणी झाली, सर्टिफिकेट हातात आलं. पंधरा दिवसांनी तो परत गेला आणि ही कोथरूडला आई-बाबांकडे. लग्न झालेली, पण माहेरीच! शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या की रोज तेच विचारणार, "काय गं, कधी जाणार तू?"

या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला दहा महिने लागले.

प्रेम आहे, पण पगार किती?

तुमच्या-माझ्या डोक्यात व्हिसाचं चित्र साधं असतं. फॉर्म भरायचा, फी भरायची, बोटांचे ठसे द्यायचे, देवाला नारळ बोलायचा. फिरायला जायचं असेल तर थोडंफार तसंच असतं. जोडीदाराकडे कायमचं राहायला जायचं म्हटलं की मात्र खेळच बदलतो.

ब्रिटनचंच घ्या. तिथला नागरिक किंवा कायमचा परवानाधारक आपल्या नवऱ्याला किंवा बायकोला बोलावू शकतो, पण त्याची कमाई ठरावीक रकमेच्या वर हवी. जुलै २०१२ मध्ये ही अट आली तेव्हा आकडा होता वर्षाला १८,६०० पौंड. बारा वर्षं तो तसाच राहिला. ११ एप्रिल २०२४ ला एका फटक्यात तो २९,००० पौंडांवर गेला. आपल्या रुपयांत तीस लाखांच्या वर! तेव्हाच्या सरकारला तो टप्प्याटप्प्यानं ३८,७०० पर्यंत न्यायचा होता. जुलै २०२४ मध्ये तिकडे सरकार बदललं, नव्या सरकारनं पुढची वाढ थांबवली आणि तज्ज्ञांच्या समितीकडे अभ्यासाला दिली.

कमाई नसेल तर बचत दाखवता येते. किती? नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पौंड, तेही सहा महिने खात्यात पडून असलेले. एवढे पैसे खात्यात नुसते पडून असणारा माणूस निदान माझ्या ओळखीत तरी नाही.

आता आमच्या शेफसाहेबांची गंमत बघा. लग्न झालं तेव्हा त्याचा पगार २७,५०० पौंड. म्हणजे जुन्या आकड्यानं आरामात पास, नव्या आकड्यानं नापास. दीड हजार पौंडांनी संसार अडला! जानेवारी २०२५ मध्ये त्याला दुसऱ्या किचनमध्ये ३१,००० ची नोकरी मिळाली. इकडे पेढे वाटले. बाबांनी तर सुटकेस कुठली घ्यायची याची चौकशीसुद्धा सुरू केली.

मग कुणीतरी नियम नीट वाचला. नोकरीच्या पगारावर अर्ज करायचा तर सरळ रस्ता असा, की त्याच मालकाकडे सहा महिने झालेले हवेत आणि त्या सहाही महिन्यांचा पगार अटीत बसायला हवा. सहा पगारचिठ्ठ्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आकड्याला आकडा जुळलेला. नोकरी बदललेली असेल तर मागच्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष कमाई मोजायचा दुसरा रस्ता आहे, पण जुन्या २७,५०० मुळे ती बेरीज २९,००० ला पोहोचत नव्हती. म्हणजे काय, तर पगार वाढला म्हणून अर्ज करता येणार आणि नोकरी नवीन म्हणून सहा महिने थांबावं लागणार. आता बोला!

"आणि माझा पगार?" मैत्रिणीनं विचारलं होतं. सात वर्षांची नोकरी, वर्षाला अठरा लाखांचं पॅकेज, हाताखाली नऊ माणसं. त्या अर्जात तिच्या इथल्या नोकरीच्या कमाईची किंमत शून्य. भारतातून जाणाऱ्या जोडीदाराचा भारतातला पगार धरलाच जात नाही. त्याची नोकरी चालते, तिची चालत नाही.

ती हसली तेव्हा. पण तो शून्य तिला लागला होता. तो नंतर परत येतो या गोष्टीत.

आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!

जुलै संपता संपता सहावी पगारचिठ्ठी आली आणि घरात फाइल मोहीम सुरू झाली. फाइल म्हणजे आता सगळं स्कॅन करून अपलोड करायचं, पण आपल्याकडे अजून सगळे 'फाइल'च म्हणतात. डायनिंग टेबलवर लॅपटॉप, शेजारी बाबा चष्मा लावून, आई चहा घेऊन आणि मी मदतीच्या नावाखाली पोहे खायला.

यादीतल्या काही गोष्टी सोप्या. टीबीची तपासणी, कारण भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला जाणाऱ्याला मान्यताप्राप्त क्लिनिकचं सर्टिफिकेट लागतंच. इंग्रजीची परीक्षा, ए-वन लेव्हलची, म्हणजे अगदी पहिली पायरी. इंग्रजीतून घेतलेली डिग्री असेल तर ती पडताळून घ्यायचा पर्याय आहे, पण हिनं म्हटलं, परीक्षा देऊन मोकळी होते. या परीक्षेत दोन उमेदवारांना एकमेकांशी बोलायला लावतात. रोज संध्याकाळी लंडनच्या क्लायंटशी इंग्रजीत वाद घालणारी ही बाई सोळा-अठरा मिनिटं शेजारच्या अनोळखी मुलीशी "सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता?" यावर इंग्रजीत गप्पा मारून आली. पास!

अवघड भाग होता तो नात्याचा. नियमाची भाषा अशी, की नातं खरं हवं आणि चालू असलेलं हवं. दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत. पुढे एकत्र राहायचा इरादा हवा. लग्नाचं सर्टिफिकेट लागतंच, पण ते एकटं पुरत नाही. मग पुरावे कसले? एकत्र फोटो, विमानाची तिकिटं, फोन कॉलच्या नोंदी, मेसेज, एकमेकांना पाठवलेले पैसे, नातेवाइकांबरोबरचे क्षण.

आईंनी कपाटातून लग्नाची पत्रिका काढली. पत्रिका मराठीत, आणि इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाबरोबर अनुवाद लागतो. अनुवाद अचूक असल्याचा अनुवादकाचा दाखला, त्याचं नाव, सही, तारीख, संपर्क, सगळं हवं. अनुवाद करणारे गृहस्थ सदाशिव पेठेतले, निवृत्त. 'चि. सौ. कां.' पाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. हे इंग्रजीत न्यायचं कसं? पुढे 'आहेर आणू नये'. त्याच्या खाली छोट्या पुतण्याच्या नावानं 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' त्यांनी निमूटपणे सगळं इंग्रजीत उतरवलं. लीड्सच्या शेफच्या लग्नाला साहेबाला नाशिकच्या चार वर्षांच्या पोरानं आमंत्रण दिलं, ते असं.

केळवणाचे फोटो निवडताना आईंचा हट्ट होता की आत्याकडचा फोटो हवाच. "सगळे नातेवाईक दिसताहेत त्यात. खोटं लग्न असतं तर एवढी माणसं जेवायला बोलावली असती का कुणी?" लॉजिक बिनतोड. तो फोटो गेला.

मग आले मेसेज. सहा वर्षांचं व्हॉट्सअॅप. त्यातली काही पानं निवडायची. बाबा म्हणाले, "मी वाचून देतो महत्त्वाचे." त्या वेळी मैत्रिणीचा चेहरा बघण्यासारखा होता. लॅपटॉप उचलून ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि मला हाक मारली.

चार महिने कोरे

खरी गोष्ट तिथे सुरू झाली.

दर महिन्याचा एखादा मेसेज घ्यायचा असं आम्ही ठरवलं होतं. २०१९ झालं. २०२० झालं, लॉकडाऊनमध्ये तर रोजचा पुराच. २०२१ झालं. २०२२ ला जून आला आणि नंतर काहीच नाही. जुलै कोरा. ऑगस्ट कोरा. सप्टेंबर, कोरा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम एक मेसेज, "दिवाळीच्या शुभेच्छा." एवढाच. फुलस्टॉपसकट.

मला माहीत होतं. तेव्हा दोघांचं तुटलं होतं. कारण तुम्हीही ओळखलं असेल: जायचं कुणी? त्याला तिथलं सोडायचं नव्हतं, हिला इथलं. "तू ये" आणि "तू का नाही येत" असं वर्षभर चाललं आणि एके दिवशी दोघंही दमले. दिवाळीच्या मेसेजनंतर हळूहळू परत सूत जुळलं, २०२३ मध्ये तो सुट्टीला आला, घरच्यांना सांगितलं, लग्न ठरलं. पण त्या चार महिन्यांबद्दल दोघं परत कधी बोलले नाहीत. विषय निघाला की एकजण चहा करायला जायचा.

"काय करू?" ती म्हणाली. "जून आणि नोव्हेंबर जवळजवळ लावले तर कुणाला कळणार नाही."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रोजचे मेसेज द्या असं कुणी मागत नाही, मधले महिने गाळले तर ते खोटंही नाही. पण अर्जाबरोबर दोघांनीही एकेक पत्र जोडायचं ठरवलं होतं: आम्ही कसे भेटलो, कसे इथपर्यंत आलो. त्या पत्रात '२०१९ पासून आम्ही सतत एकत्र आहोत' असं वाक्य तिनं टाइप केलं होतं. 'सतत' या शब्दावर कर्सर लुकलुकत होता.

तिनं त्याला फोन लावला. तिकडे रात्रीचं किचन सुरू व्हायच्या आधीची वेळ. मी उठायला लागले तर तिनं हाताला धरून बसवलं. "अरे, त्या चार महिन्यांचं काय लिहायचं?"

बराच वेळ काही आवाज नाही. मागे भांड्यांचा खणखणाट. मग तो म्हणाला, "खरं तेच लिही. भांडलो होतो म्हणून लिही."

"कशावरून ते?"

"ते पण लिही."

"तू तेव्हा म्हणाला होतास की माझी नोकरी काय, कुठेही मिळेल."

"म्हणालो होतो. चुकलं माझं. ते नको लिहूस पण. ते तुला सांगतोय."

तीन वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य त्याच्या तोंडून आलं, आणि ते एका सरकारी अर्जामुळे! मी खिडकीबाहेर बघत बसले. पत्रात शेवटी असं गेलं, की २०२२ मध्ये कुणी कुठे राहायचं यावरून आम्ही चार महिने वेगळे झालो होतो, नंतर परत एकत्र आलो, आणि आता या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय. साधी तीन वाक्यं. 'सतत' खोडला.

हीथ्रोवरची ती बाई

यावर मी घरी येऊन थोडं वाचलं. सवय, दुसरं काय! 'तुम्ही खरंच नवरा-बायको का?' हा प्रश्न आपल्या लोकांना कधीपासून विचारला जातोय, ते बघायला गेले आणि झोप उडाली.

जानेवारी १९७९. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक पस्तीस वर्षांची भारतीय शिक्षिका उतरली. तिथे राहणाऱ्या तिच्या वाग्दत्त वराशी लग्न करायला आली होती. नियम तेव्हा असा, की लग्न व्हायचं असलेल्या मुलीला आधी परवानगी काढावी लागत नसे, बायको म्हणून येणारीला लागे. ही खरोखरच अविवाहित आहे का, अशी अधिकाऱ्यांना शंका. ती मिटवायला त्यांनी काय करावं? तिची कौमार्य तपासणी केली. फेब्रुवारीत 'द गार्डियन'नं बातमी छापली, भारतात संतापाची लाट उसळली आणि ही पद्धत बंद करावी लागली. ती एकटी नव्हती. दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी जुनी सरकारी कागदपत्रं उकरली तेव्हा किमान ऐंशी बायकांना यातून जावं लागल्याचं २०११ मध्ये पुढे आलं.

त्यानंतर १९८० च्या दशकात एक वेगळाच नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नव्हता, हे जोडप्यानं सिद्ध करायचं. लग्न खरं असलं तरी! 'हेतू नव्हता' हे कसं सिद्ध करणार? भारतीय उपखंडातल्या कितीतरी जोडप्यांचे संसार या नियमावर अडकले. १९९७ मध्ये सत्तेवर आलेल्या लेबर सरकारनं तो रद्द केला. २०१२ पासून पगाराचा आकडा आला. त्याविरुद्ध जोडपी सुप्रीम कोर्टात गेली. फेब्रुवारी २०१७ मध्ये कोर्टानं आकड्याची कल्पना बेकायदा नाही असं सांगितलं, पण मुलांच्या हिताचा विचार नियमात पुरेसा केलेला नाही म्हणून सरकारचे कानही उपटले.

आधी शरीर तपासलं, मग हेतू तपासला, आता पगार तपासतात. पुढे पुढे चाललोय म्हणायचं तर म्हणू शकतो. आणि हो, खोटी लग्नं होतात, पैसे घेऊन होतात, हेही खरंच. कुठलाही देश डोळे मिटून दार उघडणार नाही. आपलाही देश परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड देण्याआधी नोंदणी झालेलं लग्न दोन वर्षं टिकलेलं मागतोच की. पण पुरावा मागणाऱ्याला जे वीस पानांत हवं असतं, ते देणाऱ्याला सहा वर्षं जगावं लागलेलं असतं. टेबलच्या पलीकडच्या माणसाला ते दिसतं की नाही, कोण जाणे.

यात एक चांगली बातमीही सापडली. माझा एक मित्र आहे, त्याचा जोडीदार मँचेस्टरला. दोघंही पुरुष. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे लग्नाचं सर्टिफिकेट इथून मिळणं शक्यच नाही. ब्रिटनमध्ये लग्नाशिवायचा जोडीदार म्हणून अर्ज करता येतो, पण आधी त्यासाठी दोन वर्षं एका छपराखाली राहिल्याचा पुरावा लागायचा. एकजण पुण्यात, एकजण मँचेस्टरला, कसलं एक छप्पर? ३१ जानेवारी २०२४ पासून ती अट बदलली. आता दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवता आलं पाहिजे, एकत्र राहिलेलंच असलं पाहिजे असं नाही. मित्र सध्या तिकिटं आणि फोटो तारखेनिशी लावतोय. त्याला मी जिलबीचा किस्सा सांगितला. म्हणाला, "आमच्याकडे पाणीपुरीचा आहे."

राजीनामा कधी?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला. एप्रिल २०२५ पासूनची फी १,९३८ पौंड, वर तिकडच्या सरकारी आरोग्य सेवेसाठी आगाऊ भरायचे ३,१०५ पौंड. दोन्ही मिळून पाच लाखांच्या पुढे. अर्ज नाकारला तर आरोग्याचे पैसे परत येतात, फी येत नाही. बटण दाबताना बाबांनी "थांब" म्हणून देवापुढे दिवा लावला आणि मग कार्डचा ओटीपी सांगितला.

आणि आता तो शून्य परत आला.

तिच्या कंपनीत नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा. आता राजीनामा दिला आणि व्हिसा नाकारला तर? नोकरीही गेली, व्हिसाही नाही. व्हिसा आल्यावर दिला तर? पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा असतो आणि तुम्ही तिकडे असा की नसा, मीटर चालू होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवऱ्याकडे जायचंय तर नोकरीचं काय एवढं!" तिनं मला तेव्हा जे सांगितलं ते मी विसरणार नाही. "मला जायचंय गं. पण मी शून्य म्हणून जाणार नाही."

तिच्या बाजूनं एक गोष्ट होती. ब्रिटनचा हा व्हिसा मिळाला की पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. अमेरिकेतल्या आपल्या एच-फोरवाल्या बायकांना विचारा. नवरा एच-वन-बीवर आणि ही एमटेक होऊन घरी, अशी किती उदाहरणं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात! मे २०१५ मध्ये त्यातल्या काहींना कामाची परवानगी मिळायला लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलं असेल तरच. त्यामानानं लीड्स बरं म्हणायचं.

तिनं राजीनामा दिला नाही. मॅनेजरला जाऊन सरळ सांगितलं, की अर्ज केलाय, उत्तर कधी येईल माहीत नाही, आल्या दिवशी नोटीस देईन. आणि रात्री तिकडच्या कंपन्यांत अर्ज टाकायला सुरुवात केली. ही कल्पना कुणाची? शेफची. त्यानं तिचा बायोडेटा स्वतः बसून तिकडच्या पद्धतीनं टाइप केला. स्पेलिंगच्या अकरा चुका होत्या. टेस्टिंग लीडनं सगळ्या शोधल्या.

मग वाट बघणं. मेल उघडायचा, बंद करायचा. दसरा गेला. दहाव्या आठवड्यात एका मंगळवारी दुपारी, ऐन मीटिंगमध्ये, मेल आला. तिनं तो टेबलाखाली धरून उघडला. मंजूर. कुणाला काही न सांगता तिनं उरलेली वीस मिनिटं मीटिंग केली, मग जिन्यात जाऊन पहिला फोन बाबांना, दुसरा त्याला. तिसरा मला. मला फक्त एवढंच, "जिलबी चालली गं!"

त्याच संध्याकाळी तिनं राजीनामा मेल केला. जानेवारी २०२६ मध्ये तिला सोडायला आम्ही मुंबईच्या विमानतळावर गेलो. हातातल्या बॅगेत सगळ्या कागदांची छापील प्रत होती, आईंनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दिलेली. कुणी मागितली नाही. लीड्सला पोहोचल्यावर ती फोल्डर घेऊन दोघं एका रविवारी बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत गेले, असं तिनं परवा सांगितलं. चार कोऱ्या महिन्यांपर्यंत आल्यावर या वेळी कुणीही चहा करायला उठलं नाही.

नोकरी? दोन इंटरव्ह्यू झालेत. शेजारच्या काकूंना कळवलंय.

जाता जाता: फाइल करायला बसताय?

* कमाईचा नियम आधी वाचा, नोकरी नंतर बदला. सहा महिन्यांचं गणित बिघडलं तर थांबावं लागतं.

* पगारचिठ्ठीवरचा आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा जुळतोय का, एकेक महिना ताडून बघा.

* टीबी सर्टिफिकेट सहा महिनेच चालतं. फार आधी काढून ठेवू नका.

* फोटो शेकडो नकोत. वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या माणसांबरोबरचे थोडे पुरतात. तारीख आणि ठिकाण खाली लिहा. अगदी खाजगी फोटो, मेसेज जोडायची गरज नाही.

* मराठी कागदाबरोबर अनुवाद, आणि अनुवादावर नाव, सही, तारीख, संपर्क.

* फी आणि अटी सारख्या बदलतात. मावसभावानं तीन वर्षांपूर्वी काय केलं यावर जाऊ नका, त्या देशाचं सरकारी संकेतस्थळ बघा.

* नात्यात मध्ये खड्डा असेल तर तो बुजवायचा प्रयत्न नको. दोघांनी बसून ठरवा आणि खरं तेच लिहा. अर्जासाठी नाही तर निदान तुमच्यासाठी.